पहिल्या बसपासून शेवटच्या टेबलापर्यंत

खाली दिलेला दिवस कॅलेंडरवरच्या एका तारखेचा नाही. जॉर्ज फर्नांडिस १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून आले आणि १९६७ च्या फेब्रुवारीत लोकसभेवर गेले. मधल्या सहा वर्षांत ते नगरसेवक होते आणि त्याच वेळी झाडूवाले, बसवाले, टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरे अशा कितीतरी जणांचे पुढारी होते. या सगळ्यांच्या पाळ्या निराळ्या. त्या एकाखाली एक मांडल्या की पुढाऱ्याचा दिवस आपोआप उभा राहतो, कारण युनियनवाल्याला स्वतःची वेळ नसते. माणसे कामावर चढतात किंवा कामावरून सुटतात, ती त्याची वेळ. गिरणीतल्या पुढाऱ्याला भोंगा तरी असे. जॉर्ज यांच्या वाट्याला आलेल्या मुंबईला भोंगाच नव्हता.

पहाटे ४

बेस्टची पहिली बस रस्त्यावर येते तेव्हा शहर झोपेत असते. ती बस बाहेर काढणारा माणूस त्याच्याही आधी डेपोत हजर लागतो, आणि त्याला डेपोत आणून सोडायला बस नसते. म्हणून कुणी रात्रीच येऊन बाकावर पडतो, कुणी अंधारात चालत येतो. खाकी कपडे, तिकिटांची पत्र्याची पेटी, चामड्याची पिशवी, हातातला पंच. गाड्या सुटेपर्यंतचा अर्धा तास ही सगळी माणसे एका आवारात सापडतात. सभा घ्यायची तर याच वेळी. नंतर ती शहरभर पांगतात आणि रात्रीपर्यंत पुन्हा एकत्र येत नाहीत.

भाषण लांबवायची सोय नाही. बोलायचे ते तासांबद्दल. सकाळच्या गर्दीचे चार तास, मग दुपारी मोकळीक, मग संध्याकाळच्या गर्दीचे चार तास. कागदावर आठ भरतात. उपनगरात राहणाऱ्या कंडक्टरला मधल्या वेळात घरी जाऊन परत येणे जमत नाही, म्हणून तो डेपोतच लोळतो. घरातून बाहेर असतो तेरा-चौदा तास. या लोळण्याचे पैसे मिळावेत की नाही? प्रश्न ऐकायला क्षुल्लक आहे. वाटाघाटींच्या टेबलावर मात्र असल्याच प्रश्नांत महिने जातात, आणि जो पुढारी पहाटे चार वाजता त्या आवारात उभा राहिलेला नाही त्याला तो प्रश्न मांडताच येत नाही.

बेस्ट १९४७ पासून पालिकेच्या मालकीची. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली, लोकांनी तिला निरोप द्यायला गर्दी केली, पेपरांत हळवे लेख आले. ट्रामवर नोकरी करणाऱ्यांचे पुढे काय, ही चौकशी त्या हळवेपणात फारशी कुणी केली नसावी.

पहाटे ५.३०

चौपाटीवर यावेळी फिरायला येणारे लोक असतात आणि बाकांवर झोपलेले लोक असतात. दोघांची ओळख नसते.

१९४९ साली मंगळूरहून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा याच बाकांवर झोपत असे. मध्यरात्री पोलीस शिपाई येऊन उठवी आणि पुढे चालायला सांगे. जॉर्ज यांनी हे स्वतःच सांगितलेले आहे, आणि सांगताना त्याचे भांडवल केले असे मला कधी वाटले नाही. मुंबईत आलेल्या हजारोंची हीच सुरुवात असते. मंगळूर तेव्हा मद्रास प्रांतात होते. देश एकच, पण किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला येणारी रेल्वे नव्हती आणि शहरात कुणी वाट पाहत नव्हते. घरची भाषा कोंकणी, गावात तुळू आणि कन्नड, शिक्षण इंग्रजी, सेमिनरीमुळे लॅटिनची ओळख. मराठी मुंबईने दिली. पुढे त्यांना दहा भाषा येतात असे लोक कौतुकाने सांगत. हे कौतुक भाषापंडिताचे नव्हते. डेपोत एक भाषा, गोदीत दुसरी, हॉटेलच्या मोरीपाशी तिसरी, अशी ती रोजच्या कामाची हत्यारे होती.

नावाचीही एक गंमत आहे. जन्म ३ जून १९३०, आणि ३ जून हाच बादशहा पाचव्या जॉर्जचा वाढदिवस. आईला त्या राजाचे फार कौतुक, म्हणून थोरल्या मुलाचे नाव जॉर्ज. पुढे जन्मभर झाडूवाल्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी हे नाव ज्या सलगीने पुकारले, ती बकिंगहॅम राजवाड्याला मानवली नसती.

मुंबईत मिळालेली पहिली नोकरी वर्तमानपत्रात मुद्रितशोधकाची. ते काम बहुतेक रात्रीचेच. म्हणजे पाळी काय असते हे पुढारी होण्यापूर्वीच कळलेले.

सकाळी ६.३०

पालिकेच्या चौकीसमोर हजेरी चालू आहे. मुकादम नावे पुकारतो. कायम कामगार एका बाजूला, बदलीवाले दुसऱ्या बाजूला. बदलीवाल्याने रोज सकाळी यायचे, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचे, नसेल तर परत जायचे. परत जाण्याचे पैसे नाहीत. अशी वर्षे काढलेली माणसे या रांगेत असतात. कुणाला कामावर घ्यायचे हे मुकादमाच्या हातात, आणि मुकादमाची मर्जी फुकट मिळत नाही.

शहराच्या मैल्याच्या खात्याला पालिकेच्या कागदपत्रांत हलालखोर खाते म्हणत. या खात्यात आणि सफाईत कामाला कोण असे, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. कोकण आणि देशावरून आलेले पूर्वाश्रमीचे महार, काठियावाडाकडचे मेघवाळ. झाडू, टोपली, हातगाडी, उघडी गटारे. १९५६ नंतर यातल्या अनेकांनी धर्म बदलला होता. खाते तेच राहिले.

जॉर्ज यांच्या ताकदीचे मूळ शोधायचे तर या चौकीसमोर उभे राहावे. गिरणी दोन महिने बंद राहिली तर नुकसान मालकाचे आणि कामगाराचे; मलबार हिलवरच्या माणसाला चहा घेताना त्याची आठवण होण्याचे कारण नाही. झाडूवाल्याने तीन दिवस झाडू ठेवला की त्याच माणसाला नाक धरून दाराबाहेर पडावे लागते. बस, टॅक्सी, पाणी, कचरा, वीज: शहराच्या ज्या ज्या गोष्टी चालू असताना दिसत नाहीत आणि बंद पडल्या की लगेच दिसतात, त्या चालवणारी माणसे त्यांनी एकेक करून बांधली. गिरणगावात शिरायला फटही नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांत वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगारांच्या मनावर लाल बावट्याचा. मंगळूरच्या नवख्या समाजवाद्याला शहराची उरलेली बाजू मिळाली, आणि ती जास्त दुखरी निघाली.

‘मुंबई बंद’ हे शब्द त्यांच्या नावाला चिकटले ते यातूनच. पांढरपेशा मुंबईला या माणसाचा राग येई. तो राग मी समजू शकतो. बस नसली की परीक्षेला जाणारा मुलगाही अडतो आणि दवाखान्यात निघालेली म्हातारीही. संपाने अडणारे बहुतेक लोक मालक नसतात, हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला जॉर्ज यांच्याकडे पुरेसे उत्तर होते असे मला वाटत नाही. पण जे लोक वर्षभर दिसत नाहीत त्यांनी तीन दिवस दिसायचे ठरवले तर दुसरा मार्ग कोणता होता, हेही आक्षेप घेणाऱ्यांनी कधी सांगितले नाही.

सकाळी ८

गोदीचे दरवाजे. यलो गेट, ग्रीन गेट. रंगांची नावे असलेल्या या फाटकांशी पहिली पाळी आत जाते. बाहेर सभा होते तिला गेट मीटिंग म्हणतात. खांद्यावर टॉवेल, हातात पोती ओढायचा आकडा.

इथे जॉर्ज नवशिके म्हणून आले होते. शिकवणारे प्लासिड डिमेलो, तेही दक्षिण कॅनराहूनच आलेले. गोदीत पूर्वी टोळीवाल्याचे राज्य असे. जहाज लागले की टोळीवाला माणसे उचलणार, जहाज नसेल तर माणसे उपाशी. मजुरीतला वाटाही त्याचा. रोज सकाळी फाटकाशी उभे राहून आपला खांदा विकायचा. १९४८ च्या कायद्याने आणि नंतरच्या डॉक लेबर बोर्डाने कामगारांची नोंदणी सुरू झाली, काम पाळीपाळीने वाटले जाऊ लागले. कायदा दिल्लीत झाला; तो बंदरावर उतरवायला डिमेलोंसारखे लोक लागले. ते १९५८ साली गेले. बोरीबंदरपासून बंदराच्या कडेने जाणाऱ्या फ्रिअर रोडला आता त्यांचे नाव आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना हे नाव कुणाचे ते माहीत असते.

दुसरे गुरू राममनोहर लोहिया. एकाने माणसे कशी बांधायची ते शिकवले, दुसऱ्याने कुणावर चालून जायचे ते. जॉर्ज यांच्यात ही दोन शिक्षणे शेवटपर्यंत एकमेकांशी भांडत राहिली असे मला वाटते.

सकाळी १०

युनियनच्या कार्यालयातले दोन-तीन तास. इथे भाषण नसते, वीरश्री नसते. निलंबनाचे पत्र घेऊन आलेला कंडक्टर असतो. त्याच्या पिशवीत हिशेबापेक्षा आठ आणे जास्त सापडले आहेत. रजा नाकारल्याने गावी आईच्या अंत्यविधीला न गेलेला झाडूवाला असतो. वर्गणीच्या पावतीपुस्तकांचा ढीग असतो, आणि त्यांतले एक पुस्तक नेहमी कुणाकडे तरी अडकलेले असते. खुलाशाची पत्रे इंग्रजीत लिहायची, कारण साहेब इंग्रजीत वाचतो. मजकूर मराठीत किंवा हिंदीत ऐकायचा. ज्याच्याबद्दल लिहायचे तो कधी तुळूत रडतो. कामगार चळवळीचा इतिहास संपांच्या तारखांनी लिहितात. माझ्या मते तो या टेबलावर लिहायला हवा. आठ आण्यांच्या प्रकरणात जो पुढारी माणसाची नोकरी वाचवतो, त्याच्या हाकेवर त्या माणसाची चाळ संपाला उतरते.

दुपारी १२.३०

औद्योगिक न्यायाधिकरण. तारीख पडते.

दुपारी ३

महापालिकेचे सभागृह. बाहेर फिरोजशहा मेहतांचा पुतळा, आत उंच छत, नक्षीदार लाकूड, आणि सभा सुरू होण्याची दुपारची सोयीस्कर वेळ, म्हणजे सकाळी वकिली-व्यापार उरकून सन्माननीय सदस्यांना येता यावे. सकाळी साडेसहाला चौकीसमोर उभा असलेला माणूस आता त्या चौकीच्या मालकाच्या घरात बसलेला आहे. कारण झाडूवाल्याचा मालक पालिका, बसवाल्याचा मालक पालिका, आणि नगरसेवक म्हणजे या मालकाचाच एक अंश.

समाजवाद्यांनी हे ठरवून केले. १९६१ च्या त्याच निवडणुकीत गोरेगावहून मृणाल गोरे निवडून आल्या आणि पाण्याच्या प्रश्नाला त्यांनी सभागृहात वाचा फोडली. जॉर्ज यांचा मार्ग थोडा निराळा. मृणालताईंच्या मागे वस्ती होती, यांच्या मागे पगारपत्रक. आयुक्तांना प्रश्न विचारणारा सदस्य उद्या त्याच आयुक्तांना संपाची नोटीस देणार आहे, हे सभागृहात सगळ्यांना ठाऊक असे. हा हितसंबंधांचा गोंधळ आहे असे कुणी म्हटले तर ते चूक म्हणता येणार नाही. पण त्या सभागृहात घरमालक घरपट्टीवर मत देत होते आणि व्यापारी जकातीवर, तेव्हा गोंधळाची चर्चा झाडूवाल्यांच्या प्रतिनिधीपासून सुरू करण्याचे कारण नव्हते.

संध्याकाळी ६

आता दिवस १९६६-६७ च्या हिवाळ्यात नेऊ, कारण संध्याकाळचे तास प्रचाराचे.

दक्षिण मुंबईत समोर होते स. का. पाटील. तीनदा मुंबईचे महापौर, प्रदेश काँग्रेसचे सर्वेसर्वा, केंद्रात रेल्वेमंत्री, पक्षासाठी पैसा उभा करण्यात हातखंडा. त्यांना लोक मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत. तेही कोकणातून मुंबईत आलेले, हे अशा वेळी विसरले जाते. मराठी माणसाचा त्यांच्यावरचा राग जुना होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये चौपाटीच्या सभेत त्यांनी मुंबई पाच हजार वर्षे महाराष्ट्राला मिळणार नाही असे सांगितले होते. ती पाच हजार वर्षे १ मे १९६० ला संपली.

एक गोष्ट त्या निवडणुकीपासून सांगितली जाते. पत्रकारांनी पाटलांना विचारले, तुमच्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस नावाचा नगरसेवक उभा आहे, तुम्ही हराल का? पाटलांनी उलट विचारले, हा कोण? आणि देव आला तरी मला हरवू शकणार नाही, असेही म्हणाले. लगोलग भिंतींवर लागले की देवाला जमणार नाही, पण मतदारा, तुला जमेल. गोष्टीत मीठमसाला असेल. भिंतींवरची अक्षरे मात्र कुणी काढली असतील याची कल्पना करता येते. रात्री झाडलोट करणाऱ्यांना शहरातली प्रत्येक भिंत माहीत असते.

पण त्या हिवाळ्यात शहरात दुसरेही काही पेटत होते. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली होती. त्याआधीपासून ‘मार्मिक’मध्ये कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापून येत. उडुपी हॉटेलांकडे बोट दाखवले जात होते. त्याच निवडणुकीत ईशान्य मुंबईत कृष्ण मेनन उभे होते आणि सेनेने त्यांच्याविरुद्ध जोरात प्रचार केला, मेनन स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. एकाच शहरात, एकाच महिन्यात, दाक्षिणात्य म्हणून एकाचा पाडाव झाला आणि दक्षिण कॅनराचा दुसरा माणूस साडेअठ्ठेचाळीस टक्के मते घेऊन रेल्वेमंत्र्याला पाडून गेला.

याचे सरळ उत्तर असे देतात की जॉर्ज यांना मराठी येत होती. मला ते अपुरे वाटते. मराठी येणारे दाक्षिणात्य मुंबईत पुष्कळ होते. गिरगावातल्या चाळीत पहाटे नळावर भेटणारा झाडूवाला, कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला, कामावर नेणारा कंडक्टर, ही माणसे आपापल्या तोंडाने घरोघर सांगत होती की हा आपला आहे. त्यात मराठी माणसेच जास्त होती. पाटलांकडे मोटारी होत्या, पैसा होता, वर्तमानपत्रे होती. दाराशी रोज येणारी माणसे जॉर्ज यांची होती.

रात्री ८.३०

टॅक्सीवाल्यांची पाळी बदलायची वेळ. दिवसाचा ड्रायव्हर गाडी पुसून रात्रीच्या ड्रायव्हरकडे देतो. मालकाला द्यायची ठरावीक रक्कम दोघांनाही चुकत नाही, भाडे मिळो वा न मिळो. उत्तर हिंदुस्थानी, पंजाबी, मंगळुरी, कोकणी मुसलमान. युनियनच्या दृष्टीने सगळ्यात अवघड जमात, कारण या माणसाला मुकादम नाही, हजेरी नाही, फाटक नाही. तो फक्त स्टँडवर सापडतो, आणि भाडे आले की भर वाक्यात निघून जातो.

त्याचे दुखणेही निराळे. त्याला पगारवाढ मागायची नाही, त्याला गाडी हवी आहे. बँक त्याला दारात उभे करत नाही आणि सावकार गाडीच्या किमतीएवढे व्याजच घेतो. म्हणून १९६८ साली जॉर्ज यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली. गरिबाला पत मिळत नसेल तर पत आपणच निर्माण करायची, हा समाजवाद्यांचा जुना सहकारी मार्ग. पुढे तिचे नाव न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत अपहाराच्या प्रकरणात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यावर तिच्या दारांशी ठेवीदारांच्या रांगा लागल्या. तेव्हा ही बँक मुळात कुणासाठी काढली होती हे फार कमी बातम्यांत आले.

रात्री ११.३०

हॉटेलचे शटर अर्धे खाली आले आहे. शेवटचे गिऱ्हाईक गेले. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या, फरशीवर पाणी पडले, आणि पहाटे पाचपासून उभी असलेली पोरे आता मोकळी झाली. मोकळी म्हणजे जेवायला मोकळी. झोपायचे इथेच, टेबलांखाली किंवा टेबलांवर. आचारी, वेटर, टेबल पुसणारा, भांडी घासणारा, अशी त्यांच्यातही उतरंड असते आणि सगळ्यात खालचा बहुधा सगळ्यात लहान असतो. उडुपी-कुंदापूरकडून कुणा काकाच्या ओळखीने आलेला. जरा मोठ्या पोरांतली काही फोर्टातल्या कानडी रात्रशाळांत जातात आणि बाकावर डुलक्या घेत मॅट्रिक होतात. नंतर त्यांतलीच काही स्वतःची हॉटेले काढतात आणि स्वतःकडची पोरे पहाटे पाचला उठवतात. कामाच्या तासांना मर्यादा घालणारा दुकाने व आस्थापनांचा कायदा १९४८ पासून होता. तो गल्ल्यामागच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी लावलेला असे.

या पोरांशी बोलायला यायचे तर हीच वेळ. त्यामुळे दिवसाचा शेवट इथे, आणि जॉर्ज यांच्या कामाची सुरुवातही इथूनच झालेली. मुंबईला येण्यापूर्वी मंगळुरात त्यांनी पहिल्यांदा संघटित केले ते हॉटेलांतले आणि मोटारधंद्यातले कामगार.

त्याच्याही आधीचे एक टेबल आहे. सोळाव्या वर्षी, १९४६ साली, त्यांना पाद्री होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत धाडले गेले. तिथे वरिष्ठ पाद्री उंच टेबलांवर बसत आणि त्यांचे जेवण विद्यार्थ्यांच्या जेवणापेक्षा चांगले असे. दोन-अडीच वर्षांत मुलगा बाहेर पडला. देवाबद्दल शंका आल्याने नव्हे, टेबलाच्या उंचीमुळे. मार्क्सची पाने वाचून समाजवादी झालेले पुष्कळ आहेत. ताटाकडे पाहून झालेला समाजवादी हॉटेलच्या पोराला लवकर कळतो.

नंतरचे तास

१९६७ नंतर हे वेळापत्रक मोडले. संसद अकराला भरते. पहाटे चारचा डेपो दिल्लीहून गाठता येत नाही. मुंबईतल्या युनियना शरद राव यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी चालवल्या, आणि जॉर्ज यांचा दिवस हळूहळू दुसऱ्यांच्या घड्याळावर गेला: सभापतींच्या, पंतप्रधानांच्या, आघाडीतल्या पक्षांच्या. सवयी राहिल्या. मंत्री झाल्यावरही कपडे स्वतः धुवायचे, चुरगळलेला कुर्ता तसाच घालायचा. मला त्या कुर्त्याचे कौतुक वाचून कंटाळा आला आहे. १९७९ च्या जुलैत लोकसभेत मोरारजींच्या सरकारचा झुंजार बचाव करून लगेच ते सरकार सोडणारा माणूसही त्याच कुर्त्यात होता, आणि २००२ मध्ये गुजरातच्या दंगलींवर बोलताना जुन्या मित्रांना मान खाली घालायला लावणाराही. कापड इस्त्रीचे नाही यावरून आतला माणूस ठरत नाही.

पाळीचे घड्याळ त्यांच्या आयुष्यात पूर्ण ताकदीने आणखी एकदाच वाजले. १९७३ अखेरीस ते ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. बोनस आणि पगार या मागण्या मथळ्यांत राहिल्या, पण इंजिनावरच्या माणसाची मागणी होती ती आठ तासांची. रेल्वेच्या हिशेबात त्याची ड्युटी अखंड धरलेली असे. गाडी धावत असेपर्यंत तो कामावर, मग ते चौदा तास होवोत नाहीतर त्याहून जास्त. कोळशाच्या इंजिनांच्या काळात केलेली ही व्यवस्था डिझेल आल्यावरही तशीच राहिली. २ मे १९७४ रोजी लखनौला जॉर्ज यांना अटक झाली. ८ मेपासून सतरा लाख कामगारांचा संप वीस दिवस चालला. मुंबईत त्यांच्या पाठीशी टॅक्सीवाले, बसवाले आणि विजेचे कामगार उतरले. हजारोंना तुरुंगात टाकले, कुटुंबांना रेल्वेच्या खोल्यांतून बाहेर काढले. २७ मेला संप मागे घ्यावा लागला.

पुढच्या वर्षी आणीबाणी आली. भूमिगत राहून कलकत्त्याला पकडले गेलेले जॉर्ज बडोदा डायनामाइट खटल्यातले आरोपी म्हणून तुरुंगातूनच १९७७ ला मुझफ्फरपुरात तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. त्या मतदारसंघात त्यांच्या प्रचाराला बेड्या घातलेल्या हातांचे छायाचित्र फिरले, ते स्वतः नाही. मोरारजींचे सरकार आल्यावर रेल्वे मधू दंडवत्यांकडे गेली. संपात बडतर्फ झालेल्यांना दंडवत्यांनी परत कामावर घेतले. रेल्वे कामगारांना बोनस १९७९ पासून मिळू लागला. इंजिन चालवणाऱ्यांच्या तासांवरचा वाद लोको पायलटांच्या संघटना अजून घालत आहेत.